गोठ्यातली ओल आधी काढा, मग थंडीचं बघू

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, चांदवड, येवला या पट्ट्यात दिवाळी सरली की रात्रीचा पारा भराभर उतरतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर डिसेंबर 2018 मध्ये तो 2 अंशांच्याही खाली गेला होता. अशा रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, घड तडकू नयेत म्हणून पहाटे पाणी सोडलं जातं. सगळं घर बागेत असतं. गोठ्याकडे बघायला कुणी नसतं, आणि सकाळी वासरू आखडून पडलेलं सापडतं.

अशी वासरं आणि करडं मी खूप पाहिली आहेत. बहुतेकांची एक बाजू ओली होती. मूत मुरलेली जमीन, वर चार काड्यांचा पेंढा, तोही चिंब. लोक म्हणतात, थंडीनं गेलं. कोरड्या जागेवर असतं तर त्यातली बरीच वाचली असती, असं माझं ठाम मत आहे.

कारण साधं आहे. केसांमध्ये अडकलेली हवा जनावराला ऊब देते. केस भिजून चिकटले की ती हवा जाते आणि जमीन अंगातली उष्णता ओढून घेते. लहान वासरू दिवसातला बहुतेक वेळ बसूनच असतं आणि त्याच्या अंगावर चरबी जवळपास नसतेच. नुकत्या जन्मलेल्या वासराला 10 अंशांच्या खाली गेलं की अंग गरम ठेवायलाच दूध खर्ची घालावं लागतं, मग वाढ कुठून होणार?

म्हणून आजच, पारा उतरायच्या आधी, हे करा. वासरांची जागा खरवडून वरची कुजकी माती काढा. मुरूम टाकून धुमस करा आणि मूत वाहून जाईल असा उतार द्या. विरलेल्या चुन्याची भुकटी हलकीशी भुरभुरा. वर उसाचं कोरडं पाचट, भाताचा पेंढा किंवा गव्हाचं भूस वीतभर जाड पसरा. बसल्यावर वासराचे पाय त्यात बुडाले पाहिजेत. रोज संध्याकाळी ओला भाग उचला आणि कोरडा टाका. गोठा धुवायचाच असेल तर दुपारी 12 च्या आत धुवा. संध्याकाळी पाइप लावून गोठा चकाचक करायची सवय थंडीत मोडा.

रात्री झोपायच्या आधी वासराच्या जागेवर गुडघे टेकून थोडा वेळ बसा. कापड ओलं झालं तर वासरूही ओलंच आहे. तसंच बसून नाक त्याच्या उंचीला न्या. मुताचा वास डोळ्यांना झोंबत असेल तर हवा कोंडली आहे.

हवा कोंडते ती ताडपत्रीमुळे. पहिली थंडी पडली की चारी बाजूंनी प्लास्टिक ठोकून गोठा बंद करतात. आतला दमटपणा पत्र्याला लागून पहाटे टपटप खाली गळतो आणि पुन्हा सगळं ओलं होतं. वर अमोनियाचा वायू, म्हणजे न्यूमोनियाला आमंत्रण. वारा येतो त्या बाजूला जनावराच्या उंचीपर्यंत बारदान, मक्याची ताटं किंवा तुराट्यांचा कूड लावा. छताखालची हात-दीड हाताची फट उघडी ठेवा. बंद गोठ्यात किंवा बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नका. तिच्या विषारी वायूनं माणसं आणि जनावरं दोन्ही जातात.

व्यालेल्या गाईची वार (जार) पडायची वाट बघत चीक, म्हणजे तिचं पहिलं घट्ट दूध, थांबवू नका. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या दिवसात पोटात जायला हवा. 25 किलोच्या वासराला अडीच लिटर, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. त्याआधी कोरड्या गोणपाटानं अंग चोळा आणि नाळ टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवा. वासराच्या तोंडात बोट घालून बघा. तोंड गार लागत असेल आणि ते चोखत नसेल तर दूध ओतू नका, ते फुफ्फुसात जाईल. आधी शेकून ऊब द्या आणि 1962 वर फोन करून डॉक्टरांना बोलवा.

या दिवसांत दुकानदार ‘विंटर स्पेशल’ टॉनिक, लिव्हरची बाटली, ताकदीचं कॅल्शियम पुढे करतो. ओल्या जमिनीवर बसलेल्या वासराला यातलं काही वाचवत नाही. त्या पैशांत पाचटाची ट्रॉली येते. मोठ्या गाईला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण, शेळीला 10 ग्रॅम, थोडं मीठ, रात्री कोरडी वैरण जास्त आणि विहिरीचं ताजं पाणी पुरे. अँटिबायोटिक दुकानातून परस्पर आणू नका.

बाकीची कामं:
- लाळ्या खुरकूत लस, सरकारी दवाखान्यातून मोफत
- शेळ्या-मेंढ्यांना पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषाराच्या लसी राहिल्या असतील तर
- जंतनाशक, गाभण शेळीला अल्बेंडाझोल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको
- कोंबडीच्या पिलांना पहिल्या आठवड्यात 35 अंशांची ऊब
- घराच्या पत्र्याच्या फटी, गळके नळ, अंथरुणांना ऊन
- ट्रॅक्टर आणि पिकअपची बॅटरी, टर्मिनलवरचा गंज, काचेचे वायपर
- उसाच्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर. पहाटेच्या धुक्यात हे विसरूच नका

एक खूण सांगतो, ती कुठल्या पत्रकात सापडणार नाही. संध्याकाळी वारा एकदम पडला, आभाळ निरभ्र झालं, चांदण्या टोकदार दिसू लागल्या आणि कुत्रं चुलीच्या राखेत जाऊन बसलं, तर पहाट कडक जाणार. हवामान खात्याचा इशारा आला नसला तरी त्या रात्री पाचटाचा एक जास्तीचा भारा टाका. महिन्याच्या आतल्या वासरांना बारदानाची झूल बांधा आणि सकाळी ती उन्हात वाळवा. झूल दवानं ओली असेल तर दुसऱ्या रात्री तीच परत घालू नका, कोरडी दुसरी हाताशी ठेवा.