पीसीचे पार्ट घ्यायला निघताना

आमच्या माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी, एक लिक्विड कूलर पडून आहे, म्हणजे प्रोसेसर पाण्याने गार ठेवणारा. दोन पंख्यांचा, 240 मिमीचा. एकदाही चालू झालेला नाही. आता शनिवारी भाच्याबरोबर इथेच पुण्यात गेमिंग पीसीचे पार्ट घ्यायला जायचंय, मॉनिटर सोडून 90 हजारांच्या आत, आणि माळ्यावर दुसरा कूलर चढू नये म्हणून हे लिहून ठेवतोय.

आधी मॉनिटर ठरवा. 1080पी वर खेळायचंय की त्याहून बारीक चित्राच्या 1440पी वर, यावर ग्राफिक्स कार्ड ठरतं आणि कार्डावर बाकीचं. प्रोसेसरपासून सुरुवात केलीत की दुकानदार ‘आय सेव्हनच घ्या, पुढची काळजी नको’ म्हणणार आणि कार्डाला पैसे उरणार नाहीत. एकूण रकमेचे 40 टक्क्यांच्या आसपास कार्डाला गेले तरी हळहळू नका, गेमिंगचा पीसी आहे. भाच्याच्या यादीत आरएक्स 9060 एक्सटी आणि आरटीएक्स 5060 टीआय आहेत. दोन्ही कार्डं 8 जीबी मेमरीचीही येतात आणि 16 जीबीचीही, नाव तेच. भाव अचानक गोड वाटला तर समजा की हातात 8 चं आहे. 16 चं घ्या.

आणि त्या कार्डाची लांबी लिहून घ्या. मिलिमीटरमध्ये. नेमक्या त्याच मॉडेलची, कारण एकाच चिपचं दोन पंख्यांचं कार्ड अडीचशेच्या आत-बाहेर असतं आणि तीन पंख्यांचं तीनशेच्या वर जातं.

गेल्या वेळी काय झालं ते ऐका. कॅबिनेटच्या माहितीत लिहिलं होतं, ‘कार्ड 330 मिमीपर्यंत’. माझं कार्ड 304. म्हणजे 26 मिमी शिल्लक, मी खूश. पण ते 330 म्हणजे पुढच्या बाजूला रेडिएटर नसताना. मी दिव्यांच्या हौसेने लिक्विड कूलर घेतलेला. त्याचा रेडिएटर, म्हणजे पाणी गार करणारी जाळी, 27 मिमी जाड, वर पंखे 25 मिमी, झाले 52. उरले 278. आता 278 मध्ये 304 बसवून दाखवा. रेडिएटर वरच्या बाजूला लावू म्हटलं, तर रॅमच्या उंच चमकत्या पट्ट्या पंख्यांना आडव्या आल्या. रात्री साडेअकरा वाजता मी फरशीवर बसून कार्ड तिरकं घालून बघत होतो. दुसऱ्या दिवशी कूलर परत द्यायला गेलो, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘सील फोडलंय ना काका, आता नाही होत.’ एकोणचाळिसाव्या वर्षी काका! शेवटी साधा एअर कूलर आणला.

म्हणून तीन आकडे कागदावर पाहिजेत: कार्डाची लांबी, कूलरची उंची, रॅमची उंची. आणि कॅबिनेटचे आकडे घेताना एकच प्रश्न विचारायचा, ‘हे पुढे रेडिएटर लावून की न लावता?’ दुकानदार ‘बसतं हो सगळं’ म्हणाला तर त्याला पेटी उघडून मोजायला लावा. चिडेल. चिडू द्या.

प्रोसेसरमध्ये मी फार डोकं घालत नाही. रायझन 5 7600. पेटीत कूलर येतो, 65 वॉटचा आहे, त्याला लिक्विड कूलर लागत नाही, मलाही लागत नव्हता. तो ज्यात बसतो त्या एएम5 सॉकेटला 2027 पर्यंत आणि पुढेही साथ देऊ असं रायझन बनवणाऱ्या एएमडीने सांगितलंय, म्हणजे उद्या नुसता प्रोसेसर बदलता येईल. इंटेल घेतलात आणि नावाच्या शेवटी एफ असेल तर आत ग्राफिक नसतं. 7600 मध्ये थोडंसं असतं, कार्ड वॉरंटीत गेलं तर निदान स्क्रीन दिसते. आवाज कमी हवा म्हणून टॉवर कूलर घ्याल, तर तो बऱ्याचदा 155 मिमीच्या आसपास उंच असतो आणि बाजूचं झाकण लागत नाही. मोजा.

रॅमचं यंदा दुखणंच आहे. 2025 च्या शेवटी डेटा सेंटरवाल्यांची मागणी वाढली आणि भाव चढले. 32 जीबी परवडली तर 16 च्या दोन पट्ट्या, नाहीतर 8 च्या दोन. एकच पट्टी घेऊ नका, निम्मा वेग जातो. चार खाचा असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घाला. एएम5 ला डीडीआर5 च लागते, घरातली जुनी डीडीआर4 बसणार नाही. आणि उंच पट्ट्या नकोत. दिवे कुणीही बघत नाही.

एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, पैसे वाचवायला जाऊ नका. कॅबिनेटबरोबर फुकट मिळतो तो तर दुकानातच ठेवून या. 650 वॉटचा, बऱ्या कंपनीचा घ्या. 80 प्लस ही खूण वीज किती वाया जाते ते सांगते, आतला माल चांगला आहे की नाही ते सांगत नाही. पेठेतल्या जुन्या इमारतीत राहत असाल तर आधी अर्थिंग बघून घ्या. ते नसेल तर कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि लोक एसएमपीएसला शिव्या देतात. गुरुवारी महावितरणची दुरुस्ती असतेच, तेव्हा यूपीएस हवा. 600 व्हीएचा साधारण 360 वॉट देतो. 180 वॉटचं कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून तिथेच पोचतात. 1000 व्हीएचा बघा.

कॅबिनेट जाळीचं घ्या, पुढून काच नको. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. शेजारी बांधकाम चालू असेल तर धूळ येणारच, फिल्टर काढून धुता येतो का बघा. मग पुन्हा मोजा. आणि टेबलाखालचा कप्पासुद्धा मोजा, मागे केबल वळायला चार बोटं जागा धरून. हे मी गेल्या वेळी केलं नव्हतं.

मदरबोर्ड बी650 चिपसेटचा, छोटा चालतो, वायफाय हवं का ते ठरवा. एसएसडी 1 टीबी, एनव्हीएमई, म्हणजे मदरबोर्डवरच बसणारी पट्टी. तिचा बारका स्क्रू मदरबोर्डच्या पेटीत असतो, ती पेटी फेकू नका. बिल जीएसटीचं, प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर घालून. वॉरंटीला कुठे जायचं ते तिथेच विचारा.

जाताना मेट्रोने मंडईला उतरा, गाडी लावायला जागा शोधण्यात सकाळ जाते. येताना रिक्षा.

जोडून झालं की बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्स्पो चालू करा म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालेल, मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही तर कार्डाला लावा, विंडोजमध्ये मॉनिटरचे हर्ट्झ वाढवा. बस.

मोजपट्टी आईच्या शिवणाच्या डब्यात आहे. तिच्या एका बाजूला इंच आहेत, दुसऱ्या बाजूने मोजायचं.