योंगिनच्या लोकग्रामाला निघताना

आई-बाबा दोन-अडीच महिन्यांसाठी इथे दक्षिण कोरियात, सुवोनला आले की आपण त्यांना सोलचे राजवाडे दाखवतो, नामसान टॉवरवर नेतो, मॉलमध्ये फिरवतो. अर्ध्या-पाऊण तासावरच्या योंगिनचं कोरियन लोकग्राम मात्र "फार चालावं लागतं, दमतील" म्हणून राहून जातं. आम्हीही आधी तेच केलं. त्यांना घरी ठेवून मुलांना घेऊन गेलो आणि मुलं तीन तास पाळण्यांच्याच भागात रमली. पुढच्या वर्षी सासूबाई आणि मामंजी आले तेव्हा सगळे मिळून गेलो आणि लक्षात आलं की ती जागा वाचता येते ती त्यांनाच. उखळ कसं वापरतात, गवताचं छप्पर किती वर्षांनी बदलावं लागतं, चुलीचा धूर घरात का फिरवतात, हे मुलांना सांगायला आमच्याकडे शब्द नव्हते. त्यांच्याकडे होते. म्हणून तयारीला लागताना आधी हे ठरवा की आजी-आजोबा येणार आहेत आणि दिवस त्यांच्या पावलांनी चालणार आहे. बाकीचं त्याभोवती बसवता येतं.

त्यांना आदल्या दोन-तीन दिवसांत जेवताना थोडं सांगून ठेवा. कोरियन भाषेत याला हांगुक मिनसोकचोन म्हणतात आणि ते 1974 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. 1392 मध्ये सुरू झालेली जोसोन राजवट पाचशे वर्षं चालली. त्या काळातलं गाव इथे उभं केलंय. निरनिराळ्या प्रांतांतून उचलून आणलेली आणि जुन्या पद्धतीने पुन्हा बांधलेली अडीचशेहून जास्त घरं, मधून वाहणारा ओढा, शेतं, न्यायकचेरी, बाजार. कोल्हापूरजवळचं कणेरी मठाचं ग्रामजीवन संग्रहालय ज्यांनी पाहिलंय त्यांना चटकन समजतं. फरक इतकाच की तिथे बलुतेदारांचे पुतळे आहेत आणि इथे हाडामांसाची माणसं गवताचे जोडे विणत, बांबू सोलत बसलेली असतात. मामंजींना एवढं सांगितल्यावर त्यांनी आपणहून विचारलं, "सुतार असेल का रे तिथे?" तिथेच अर्धी तयारी झाली.

मग तारीख. एप्रिलचा मध्य ते मे अखेर, नाहीतर ऑक्टोबर. जूनच्या शेवटी इथला पावसाळा, जांगमा, बसतो. त्यानंतरचा उकाडा आपल्या मुंबईइतकाच चिकट. जानेवारीत सकाळचा पारा उणे दहापर्यंत उतरतो, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना दिवसभर उघड्यावर फिरवू नये. सोल्लाल आणि छुसोक या मोठ्या सणांच्या सुट्ट्या आणि 5 मेचा बालदिन टाळा, गर्दीत काही दिसत नाही. मधला वार मिळाला तर उत्तम. शाळांच्या सहली असतात, पण त्या दुपारनंतर पांगतात. वसंतात हवेत बारीक धूळ असते. त्या दिवशीचा या धुळीचा, म्हणजे मिसेमोंजीचा, आकडा सकाळी मोबाइलवर बघा आणि घरात कुणाला दमा असेल तर तांबडा रंग दिसताच बेत पुढे ढकला, हळहळ वाटली तरी.

आदल्या रात्री त्या दिवसाच्या खेळांच्या वेळा लोकग्रामाच्या संकेतस्थळावर पाहून त्याचा फोटो काढून ठेवा, कारण ऋतूनुसार त्या बदलतात आणि पाऊस आला तर मोकळ्यावरचे खेळ रद्दही होतात. आम्ही गेलो तेव्हा तिकिटं दोन प्रकारची होती, पाळण्यांसह आणि पाळण्यांशिवाय. आता काय आहे ते तिथेच बघा. निवड असेल तर आजी-आजोबांना पाळण्यांचं काढू नका. मुलांना काढायचं की नाही हे घरीच ठरवा, खिडकीपाशी रडारड नको. आम्ही दुसऱ्या खेपेला काढलं नाही आणि धाकट्याला आधीच सांगितलं होतं की आज घोड्यांचा दिवस आहे. तो निमूट आला.

पायांची तयारी सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती विसरली जाते. वाटा मातीच्या आहेत, उंबरे उंच आहेत, आणि ज्या घरांच्या ओसरीवर बसू देतात तिथे जोडे काढूनच बसायचं. तेव्हा प्रत्येकाला हात न लावता निघणारे बूट आणि धड मोजे. भोक नसलेले! सासूबाई साडीवर चपला घालून निघाल्या होत्या. ऑक्टोबरात सकाळी दहाला सावलीतली लाकडी फळी बर्फासारखी लागते. मी जादा मोजे घेतले होते म्हणून निभावलं. पिशवीत दोन जोड जास्तच टाका. गुडघे दुखत असतील तर काठी, आणि बसायला एक घडीची चटई. शाल मे महिन्यातसुद्धा. औषधांच्या गोळ्या जेवणाआधीच्या आणि नंतरच्या अशा वेगळ्या डब्यांत. कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी, कारण या देशात कचरापेटी शोधत हिंडावं लागतं.

सोलहून यायचं असेल तर सुईन-बुंदांग लाइनवरचं सांगगाल स्टेशन जवळचं, तिथून बस किंवा टॅक्सी. आम्ही सुवोनकर बसने जातो. पाहुण्यांच्या बस-मेट्रोच्या टी-मनी कार्डांत आदल्या दिवशीच पैसे भरा आणि रस्ता नेव्हर मॅपवर बघा. दारात पोचायची वेळ उघडण्याची धरा, अकराची नको. अकराला पोचून आमचा दोरीवरचा खेळ एकदा हुकलाय आणि त्याची चुटपुट अजून आहे.

कारण तो खेळ हुकवण्यासारखा नाही. जुलतागी म्हणतात त्याला. युनेस्कोने 2011 मध्ये तो मानवी वारशाच्या यादीत घेतला. आपला डोंबारी डोळ्यांसमोर आणा. पण इथे दोरीवरचा माणूस हातात पंखा घेऊन चालता चालता बोलत असतो. खाली उभा असलेला विदूषक त्याला प्रश्न विचारतो, तो वरून उत्तर देतो, आणि बाजूला बसलेले वादक सूर धरतात. मग तो दोरीवर बसतो, त्याच झोक्याने उसळून पुन्हा उभा राहतो. भाषा कळत नसली तरी लोक कुठे हसणार हे आजोबांना बरोबर कळलं. शेतकऱ्यांचं वादन, नोंगाक, 2014 मध्ये त्याच यादीत आलं. टोपीला बांधलेली लांब पांढरी फीत मानेच्या झटक्याने गरागरा फिरवत ते नाचतात. लेझीम खेळलेल्या माणसाला पाय आवरत नाहीत. घोड्यांच्या कसरतींना पुढच्या रांगेत लहान मुलं बसवू नका, धूळ उडते. लग्नाचा विधी असेल तर तो आजींसाठी राखून ठेवा. नवरीच्या गालांवर आणि कपाळावर लाल टिकल्या असतात, आणि नवरा लाकडी हंस घेऊन येतो, कारण रानहंस जन्मभर एकच जोडीदार धरतो असं मानतात. एका दिवसात चारही खेळ बघायचा अट्टहास नको. दोन निवडा आणि मधला वेळ घरांना द्या.

घरांसाठी मुलांना घरूनच एकेक शोध देऊन निघा. आमच्या मुलीला मी जेजू बेटावरचं घर शोधायला सांगितलं होतं. काळ्या दगडाच्या भिंती, वाऱ्याने उडू नये म्हणून गवताच्या छपरावर दोरखंडांची जाळी, आणि फाटकाच्या जागी दोन दगडी खांबांच्या भोकांतून आडवे घातलेले तीन वासे. एक वासा लावलेला असेल तर मालक इथेच कुठेतरी गेलाय, दोन असतील तर यायला उशीर, तिन्ही असतील तर लांब गेलाय, आणि तिन्ही खाली असतील तर घरात आहे, या. कुलूप नाही. तिने घरी आल्यावर आठवडाभर आपल्या खोलीच्या दारात फुटपट्ट्या लावल्या. उल्लुंग बेटावरचं घरही चुकवू नका. तिथे इतका बर्फ पडतो की घराभोवती दुसरी भिंत घालून आत फिरायला जागा ठेवतात. उत्तरेकडच्या घरांत खोल्या पाठीला पाठ लावून असतात, ऊब धरायला. सुवोनहून हलवलेला सरदाराचा मोठा वाडा आपल्या वाड्यासारखाच वाचता येतो. पुढे पुरुषांची बैठक सारांगछे, आत बायकांचं आनछे. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे बाहेरची ओसरी नि माजघर."

ओन्दोल आजी-आजोबांना दाखवायचाच. स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर बाहेर न सोडता शेजारच्या खोलीच्या जमिनीखालून, दगडी फरशांखालच्या पोकळ्यांतून नेतात आणि पलीकडच्या धुराड्यातून काढतात. वर तेल पाजलेला कागद. एकाच लाकडावर भातही शिजतो आणि जमीनही तापते. चुलीजवळची सगळ्यांत उबदार जागा, आरेन्मोक, घरातल्या वडीलधाऱ्यांची. आपल्या सुवोनच्या फ्लॅटमध्ये पायाखाली जे गरम लागतं ते याचंच गरम पाण्याच्या नळ्यांवर चाललेलं रूप, हे मुलांना तिथे उभं राहून सांगा.

मागच्या अंगणात मातीच्या रांजणांची ओळ असते. सोयाबीनचा खारवलेला लगदा, सोयासॉस, मिरचीचं तिखट मुरवायचे ते. एका रांजणाच्या गळ्याला गवताची दोरी बांधलेली होती, तिच्यात लाल मिरच्या आणि कोळशाचे तुकडे ओवलेले. सासूबाई वाकल्या, चष्मा वर केला, दोरीला बोट लावलं. "अगं, ही तर शनिवारची लिंबू-मिरची." खरोखर तेच काम आहे तिचं, वाईट काही आत येऊ नये. नुसता लिंबू नाही. गावी आमच्याकडे बिब्बा आणि कोळसा ओवतात, तो कोळसा इथे भेटला. त्यांनी त्याचा फोटो नणंदेला पाठवायला लावला.

आणि सागरगोटे घ्या. हसू नका, ही यादीतली माझी सगळ्यांत लाडकी वस्तू आहे. कोरियन मुली पाच खड्यांचा गोंगी खेळतात, म्हणजे आपले सागरगोटेच. एक वर उडवून एक उचलायचा, मग दोन, मग तीन, मग चारही एकदम, आणि शेवटी पाचही उडवून उलट्या पंजावर झेलायचे आणि तिथून उडवून मुठीत धरायचे. शाळेजवळच्या कुठल्याही वहीपेन्सिलीच्या दुकानात रंगीत प्लास्टिकचे मिळतात. आम्ही झाडाखाली चटई टाकून बसलो होतो, सहलीतल्या दोन मुली थांबल्या आणि सासूबाईंनी न बोलता खडे त्यांच्यापुढे सरकवले. पंचाहत्तरीच्या हाताने पाचांपैकी चार झेलले. मुली "हालमोनी!" म्हणून ओरडल्या. हालमोनी म्हणजे आजी.

शाकाहारी कुटुंबाने जेवणाचं मनाशी पक्कं करून जायला हवं. बाजारातल्या कांद्याच्या पातीच्या धिरड्यात, पाजोनमध्ये, बहुधा समुद्री जिन्नस असतात. किमचीत माशाचा किंवा कोळंबीचा खारट अर्क, आणि साध्या दिसणाऱ्या सूपचं पाणी सुक्या मासळीचं. बिबिम्बाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, सांगताना "गोगी प्पेजुसेयो", म्हणजे मांस काढा, आणि अंडं नको असेल तर "ग्येरान प्पेजुसेयो" हेही सांगा. ही दोन वाक्यं कोरियनमध्ये लिहून मोबाइलवर ठेवलेली बरी. चिठ्ठी दाखवली की घोळ होत नाही. गोड मात्र बिनधास्त: भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळवलेली तांदळाची इन्जोलमी, माल्टच्या पाण्यात भात घातलेलं गार सिकह्ये, तांदळाचा चिकट येओत. येओतला दात सांभाळा, कवळी असेल तर नकोच. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर ठेवतो. बाहेरचं कुठे बसून खाता येईल ते दारावरच विचारून घ्या. जेवायला बाराच्या आत बसा, आणि ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी खुर्चीचं टेबल आधी मागा.

जोसोन काळातल्या वेशात फिरणारी माणसं, भिकारी, खानावळवाली, शिपाई, तुमच्याशी बोलायला येतील. मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर लहानगी घाबरतात. कचेरीत फटक्यांचा बाक असतो, तिथे सगळे फोटो काढतात. कारागिराचा फोटो घेताना मात्र आधी "साजिन च्चिगोदो द्वेयो?" असं विचारा. आणि त्याच्यासमोर थोडं थांबा. मामंजी गवताचे जोडे विणणाऱ्या म्हाताऱ्यापुढे वीस मिनिटं बसून राहिले. त्याने दोरीचं टोक त्यांच्या हातात दिलं, मामंजींनी मांडीवर पिळ घालून दाखवला, आपल्याकडे चऱ्हाट वळतात तसा. त्याने तो उलटा फिरवून परत दाखवला. वेळापत्रकात त्या वीस मिनिटांना जागा ठेवा. म्हणजे दुपारी कुठलाही खेळ न ठेवलेला एक तास.

चार वाजता निघायला लागा. संध्याकाळी सुवोनकडचे रस्ते तुंबतात आणि बसमध्ये उभं राहायची वेळ येते. घरी डाळ-तांदूळ भिजवून गेलेलं असावं, कुकर लावला की झालं.