हरित शासकीय इमारती : मराठवाड्यातील नव्या अभियंत्यांसाठी आणि वास्तुविशारदांसाठी काही अनुभव

स्थापत्य अभियांत्रिकीची किंवा वास्तुशास्त्राची पदवी घेऊन हरित इमारतींच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुधा परीक्षेविषयीचा असतो : कोणती परीक्षा द्यावी आणि तिच्यानंतर नोकरी पुण्या-मुंबईतच शोधावी लागते का? तहसील कार्यालये, वसतिगृहे, रुग्णालये अशा इमारतींवर सल्लागार म्हणून काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की या व्यवसायाचा खरा कस अंदाजपत्रकात लागतो. खासगी मालकाला एखादी कल्पना पटली की तो काम चालू असतानाही ती करून घेतो. शासकीय इमारतीत प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि निविदा हे टप्पे पार पडल्यावर जी बाब अंदाजपत्रकात नाही ती इमारतीत येत नाही. आणि आणायचीच म्हटले तर जादा बाब म्हणून तिच्यामागे इतका पत्रव्यवहार करावा लागतो की शाखा अभियंता तिच्या वाटेला जात नाही. त्यात त्याचा दोष नाही, कारण लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर उत्तर त्यालाच द्यावे लागते.

म्हणून नव्याने येणाऱ्याने हरित मानांकनाच्या, म्हणजे इमारत पर्यावरणाला किती अनुकूल आहे हे गुणांवर ठरवणाऱ्या पद्धतीच्या, पुस्तिकेइतक्याच काळजीने सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची वाचावी. दरसूचीतील बाब सहज मंजूर होते. तिच्याबाहेरील बाबीसाठी दरपृथक्करण (दर कसा निघाला याचा साहित्य-मजुरीनिहाय हिशेब) आणि दरपत्रके जोडावी लागतात. गच्चीवरील उष्णता कमी करण्यासाठी एखाद्या कंपनीचा महागडा परावर्तक लेप सुचवण्याऐवजी विटांच्या तुकड्यांच्या कोब्यावर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा चायना मोझॅक सुचवला, तर तो इथल्या गवंड्यांना परिचित असतो, त्याचे मोजमाप कसे लिहायचे हे सर्वांना ठाऊक असते आणि ऊन परतवण्याचे कामही तो चांगले करतो. राखेच्या विटांचेही तसेच आहे. परळीसारखे औष्णिक वीज केंद्र बीड जिल्ह्यातच असल्यामुळे राख लांबून आणावी लागत नाही. मात्र या विटा भाजलेल्या नसतात, त्यामुळे त्यांवर पाणी पुरेसे दिवस मारले गेले की नाही हे भट्टीच्या विटांपेक्षा अधिक डोळसपणे पाहावे लागते.

मानांकन पद्धतींची माहिती थोडक्यात सांगतो. इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल ही संस्था २००१ मध्ये स्थापन झाली, तिचे मुख्यालय हैदराबादला आहे आणि तिच्या मानांकनात सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असे स्तर असतात. ‘गृह’ ही पद्धत टेरी ही ऊर्जाविषयक संशोधन संस्था आणि केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने मिळून तयार केली. २००७ मध्ये ती राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारली गेली आणि ती एक ते पाच तारे देते. शासकीय कामांत आपल्याला प्रामुख्याने ‘गृह’च भेटेल. २,५०० चौरस मीटरपेक्षा लहान बांधकामांसाठी तिचीच ‘स्वगृह’ ही सोपी आवृत्ती आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक इमारती तिच्यातच बसतात. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता प्रथम २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली; ही २०१७ ची संहिता १०० किलोवॉट जोडभार (जोडलेल्या सर्व उपकरणांचा एकूण भार) किंवा १२० केव्हीए करारमागणी (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) आणि त्याहून अधिक असलेल्या इमारतींसाठी आहे. आवृत्त्या बदलत राहतात, म्हणून निविदेत नेमकी कोणती नमूद केली आहे हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे.

यापुढचे शिक्षण मात्र पुस्तिकेत मिळत नाही, ते मराठवाड्याच्या उन्हात घ्यावे लागते. उत्तरेकडील खिडकी सुरक्षित, असे आपण महाविद्यालयात शिकतो. छत्रपती संभाजीनगर उत्तर अक्षांशाच्या जवळपास २० अंशांवर आहे आणि लातूर साडेअठराच्या आसपास; त्यामुळे मेच्या उत्तरार्धापासून जुलैपर्यंत भर दुपारीही सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि संपूर्ण उन्हाळ्यात तो पूर्वेच्या उत्तरेला उगवून पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. सकाळ-संध्याकाळचे हे तिरपे ऊन आडव्या छज्जाने अडत नाही. उत्तरेच्या खिडकीलाही दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या द्याव्या लागतात. दक्षिणेचे ऊन त्या मानाने साधे, छज्जा पुरतो. पश्चिमेची भिंत सर्वांत त्रासदायक, म्हणून जिना, स्वच्छतागृहे, भांडारगृह तिकडे ढकलावे आणि कर्मचाऱ्यांची बैठक तिथून काढावी. हा बदल नकाशावर फुकट होतो, याची आठवण प्रत्येक बैठकीत करून द्यावी.

माळवदाच्या घराचे गोडवे गाणारी सादरीकरणे मी पुष्कळ पाहिली आहेत. जाड भिंती आणि मातीचे धाबे यांमुळे ती घरे दुपारी थंड राहत, हे खरेच आहे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्याच वजनाखाली माणसे गाडली गेली, हे लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील कोणालाही सांगावे लागत नाही. तेव्हा जुन्या घरातून घ्यायचे ते उष्णता साठवण्याचे तत्त्व, बांधणी नव्हे. आणि ते तत्त्वही इमारतीच्या वापराची वेळ पाहूनच घ्यावे. कार्यालय दिवसा चालते, त्यामुळे जड भिंत दिवसभर उष्णता शोषून घेते ते तिथे सोयीचे. मात्र रात्री ती उष्णता बाहेर जायला हवी आणि आपली कार्यालये तर सहा वाजता खिडक्या लावून बंद होतात. पाऊस, चोर आणि कबुतरे आत येणार नाहीत अशी वर जाळीची झडप दिली नाही, तर दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवातच गरम भिंतींनी होते. वसतिगृहाचे गणित नेमके उलटे. तिथे मुले रात्री झोपतात आणि दिवसभर तापलेला स्लॅब त्याच वेळी उष्णता खाली सोडतो. म्हणून तिथे स्लॅबच्या वरच्या अंगाला उष्णतारोधक थर देण्यावर खर्च करावा. एकच तपशील दोन्ही इमारतींत उचलून टाकणारे सल्लागार मी पाहिले आहेत.

पाण्याच्या प्रश्नावर मात्र आपल्याकडे अधिकाऱ्यांना फार पटवावे लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही आठवण अजून ताजी आहे. तरीही आकडे मांडून बोलावे. १,००० चौरस मीटर गच्चीवर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातील ८० टक्के हाती लागला असे मानले, तर ५ लाख ६० हजार लिटर पाणी मिळते. २०० कर्मचाऱ्यांच्या कार्यालयात माणशी रोज ४५ लिटर या मानाने ९,००० लिटर लागतात. म्हणजे गच्चीचे सगळे पाणी साठवता आले तरी ते साधारण ६२ दिवसांचे. इतकी मोठी टाकी कोणी बांधणार नाही, म्हणून काही साठवण आणि बाकीचे पुनर्भरण असाच मेळ घालावा लागतो. इथे काळ्या मातीचा विचार आधी करावा. ती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे पुनर्भरणाचा खड्डा पायाला चिकटून घेणे धोक्याचे. शिवाय तिच्यातून पाणी सहज खाली जात नाही, म्हणून खड्डा मुरमापर्यंत किंवा भेगाळलेल्या खडकापर्यंत न्यावा लागतो. मोठ्या शहरांसाठी तयार केलेला नमुना नकाशा जसाच्या तसा वापरला की पहिल्याच पावसाळ्यात तो खड्डा तुंबून डासांचे ठिकाण होतो.

दुसरी बाब कूपनलिकेच्या क्षारांची. कमी पाणी सोडणाऱ्या नळांना गुण मिळतात, पण त्यांच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी क्षार साचून बंद होते, आणि मग शिपाई ती काढून फेकून देतो. ती हाताने उघडून साफ करता येईल असाच नळ विनिर्देशात लिहावा आणि सुट्या जाळ्यांचा पुरवठाही त्याच बाबीत धरावा.

कागदपत्रांच्या कामाचा तरुणांना कंटाळा असतो, आणि नेमके तेच त्यांच्याकडे येते. विटांची चलने, सिमेंटमधील राखेच्या प्रमाणाचे दाखले, रंगांची व काचेची प्रमाणपत्रे, पत्र्याच्या कुंपणाची आणि झाडांच्या संरक्षणाची छायाचित्रे हे सारे काम चालू असतानाच गोळा करावे, कारण ‘गृह’चे प्रतिनिधी बांधकामादरम्यान प्रत्यक्ष भेट देतात आणि झाकलेली गोष्ट नंतर दाखवता येत नाही. खोदाईपूर्वी बाजूला काढलेल्या सुपीक मातीचा ढीग तर छायाचित्र काढून लगेच झाकावा. आपल्या भागात चांगली काळी माती उघड्यावर पडलेली दिसली की ट्रॅक्टर कधी येऊन जातो ते चौकीदारालाही कळत नाही.

आता परीक्षांविषयी. कौन्सिलची अधिकृत व्यावसायिकाची परीक्षा अभ्यासाला सुटसुटीत आहे आणि खासगी क्षेत्रात तिला मान आहे. शासकीय कामात राहायचे असेल तर ‘गृह’चे प्रशिक्षण आधी घ्यावे. ऊर्जा दक्षता ब्युरोची ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा अवघड आहे, तिला पदवीबरोबर अनुभवही लागतो. पण माझ्या मते दीर्घकाळ उपयोगी पडणारी तीच. इमारतीला किती ऊर्जा लागेल हे संगणकावर आधीच आजमावण्यासाठी (सिम्युलेशन) एनर्जीप्लस ही प्रणाली विनामूल्य मिळते, तेव्हा महागड्या संगणक प्रणालीअभावी शिकणे थांबवण्याचे कारण नाही.

पहिली नोकरी मोठ्या शहरातील सल्लागाराकडेच हवी, असा आग्रह मी धरणार नाही. मानांकनासाठी नोंदणी झालेल्या एखाद्या शासकीय इमारतीच्या ठेकेदाराकडे गुणवत्ता अभियंता म्हणून वर्षभर राहिलात, तर दरसूची, मापपुस्तिका आणि साइटवरची माणसे या तिन्हींची ओळख एकदम होते. मुलाखतीत पगाराबरोबर एवढे विचारून घ्यावे की मानांकनाची नोंदणी निविदेपूर्वी झाली आहे की नंतर, आणि सल्लागाराच्या शुल्काचा शेवटचा हप्ता कशाशी जोडला आहे. तो तारे मिळण्याशी जोडलेला असेल, तर इमारत ताब्यात दिल्यावरही बरेच महिने त्या कामात अडकून राहण्याची तयारी ठेवावी लागते.