लिनक्सचा काळा पडदा: टेक्स्ट कन्सोल कसा वापरायचा आणि वेगवान कसा करायचा

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये हिशेबाचा जुना लिनक्स पीसी आहे. माउस अडकला की मालकांचा फोन येतो, "आता बटण दाबून बंद करू का?" मी दरवेळी सांगतो, "थांबा मामा, आधी काळ्या पडद्यावर जा." काळा पडदा म्हणजे टेक्स्ट कन्सोल: खिडक्या आणि माउस नसलेला, फक्त कमांड टाइप करायचा पडदा. फोनवर जे सांगतो तेच इथे लिहितो.

तिथे जा. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. लॅपटॉपवर सोबत एफएन लागू शकते. नाव आणि पासवर्ड टाका. पासवर्ड उमटत नाही, घाबरू नका. परत यायला एफ१ किंवा एफ२, काही ठिकाणी एफ७. 'टॉप' कमांडने अडकलेला प्रोग्रॅम शोधा, 'के' दाबून त्याचा नंबर (पीआयडी) द्या. बहुतेक वेळा एवढ्यावर भागते.

वेग मोजा. 'टाइम सीक १०००००' टाइप करा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. सीक म्हणजे एस-ई-क्यू. आकडे धावतील, शेवटी 'रिअल'समोर वेळ येईल. आता तीच कमांड, पुढे 'पेक्षा मोठे' हे गणिती चिन्ह (>) आणि 'स्लॅश डेव्ह स्लॅश नल'. या वेळी पडद्यावर आकडे येणार नाहीत. दोन वेळांतला फरक हा मुख्यतः अक्षरे रंगवण्याचा खर्च.

तो एवढा का? जुन्या व्हीजीए पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी असत. प्रत्येक अक्षराला २ बाइट, म्हणजे सगळा पडदा ४,००० बाइटचा. आज १९२० बाय १०८०च्या पडद्यावर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एकेक ठिपका रंगवतो. ठिपक्याला ४ बाइट धरले तर सुमारे ८३ लाख बाइट. ओळ वर सरकली की चित्र बदलायचे, आणि तोवर तुमचा प्रोग्रॅम खोळंबतो. म्हणून बॅकअप घेताना 'टार' या फाइली एकत्र बांधणाऱ्या कमांडमधला, नावे दाखवणारा 'व्ही' काढा. हजारो फाइलींची नावे पडद्यावर हवीत कशाला?

अक्षर मोठे करा. डेबियन किंवा उबंटूत 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर कन्सोल-सेटअप' चालवा आणि टर्मिनस हा फॉन्ट, १६ बाय ३२ मापाचा, निवडा. चष्मा लागलेल्यांना हे आधी करून द्या.

मागचे वाचायचे असेल तर शिफ्ट-पेजअपवर विसंबू नका. ती सोय २०२० साली कर्नल ५.९ मधून काढली. त्या कोडमध्ये सुरक्षेची चूक निघाली आणि तो सांभाळायला कोणी नव्हते. कमांडपुढे उभी रेघ देऊन 'लेस' लिहा, म्हणजे पानापानाने वाचता येईल, किंवा मागचा मजकूर जपणारा 'टीमक्स' प्रोग्रॅम उघडून कंट्रोल-बी आणि मग डावा चौकटी कंस दाबा.

कन्सोलचे भवितव्य मला याच गोष्टीत दिसते. रंगवण्याचे काम कर्नलबाहेर नेण्याचा विचार जुना आहे, आणि 'केएमएसकॉन' हा कर्नलबाहेर चालणारा कन्सोल प्रोग्रॅम ते करून दाखवतो. आपल्यासाठी हे महत्त्वाचे, कारण कर्नलच्या कन्सोलला एका वेळी फक्त ५१२ अक्षराकृती मावतात आणि जोडाक्षरे जुळवता येतच नाहीत. 'हिशेब' नावाच्या फाइलीच्या जागी चौकोन दिसतात, याचे मला खरेच वाईट वाटते. केएमएसकॉनमध्ये ५१२ची अट नाही. मात्र ठरावीक रुंदीच्या घरांत जोडाक्षर बसवण्याची अडचण तिथेही आहे.

केएमएसकॉन बसवून पाहायचा असेल तर एफ५ वर बसवा. एफ३ जुनाच राहू द्या, अडकलात तर परतायला वाट हवी.