सांडपाण्याचं सॅम्पल घ्यायचं कसं: कन्सेंटवाल्यांसाठी

नवी मुंबईच्या तुर्भे, रबाळे, महापे पट्ट्यात ईटीपीवर (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण प्लांटवर) नवीन लागलेली पोरं पहिला प्रश्न हाच विचारतात की लॅब कुठली चांगली. लॅब एनएबीएलवाली (म्हणजे सरकारमान्य मानांकन असलेली) हवी हे ठीकच, पण सॅम्पलच चुकीचं उचललं असेल तर ती बिचारी काय करणार, म्हणून आधी बाटलीचं बघू.

त्याच्याही आधी एमपीसीबीचं (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) कन्सेंट, म्हणजे परवानगीचा कागद, काढा आणि स्वतः वाचा. किती पाणी सोडायचं, कुठे सोडायचं, कशाला किती लिमिट, सगळं त्यात असतं. नाल्यात किंवा नदीत सोडायचं तर सर्वसाधारण लिमिट पीएच 5.5 ते 9, आणि मिलीग्रॅम प्रति लिटरमध्ये बीओडी (जंतूंना घाण खायला लागणारा ऑक्सिजन) 30, सीओडी (केमिकलने घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन) 250, सस्पेंडेड सॉलिड्स (तरंगते कण) 100, ऑइल-ग्रीस 10. पण तुमच्या कन्सेंटात याहून कडक आकडा असेल तर तोच धरायचा, शेजारच्या कंपनीचा कागद बघून चालत नाही. प्लेटिंगवाल्यांनी हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) विसरू नका, त्याचं लिमिट 0.1 आहे.

आता बाटल्या. एकाच कॅनमधून सगळ्या टेस्ट करायच्या हा आळस आधी सोडा. ऑइल-ग्रीसला रुंद तोंडाची काचेची बाटली, ती थेट वाहत्या धारेत धरायची, सॅम्पलने विसळायची नाही आणि काठोकाठ भरायचीही नाही, कारण तेल काचेला चिकटतं आणि विसळलं की तेवढं तेल जास्तीचं मोजलं जातं. सीओडीच्या बाटलीत सल्फ्युरिक ॲसिड टाकून पीएच 2 च्या खाली आणायचा, मेटल्सना नायट्रिक. बीओडीला मात्र ॲसिड अजिबात नाही, फक्त बर्फ, आणि त्याच दिवशी लॅबला. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमलाही ॲसिड चालत नाही, त्याची बाटली वेगळी. पीएच जागेवरच बघायचा, मीटर त्या दिवशी बफरने (पीएच माहीत असलेल्या द्रावणाने) कॅलिब्रेट करून. बाटलीवर जागा, तारीख, वेळ आणि नाव लिहा, वॉटरप्रूफ मार्करने, नाहीतर आइसबॉक्समध्ये सगळं पुसलं जातं.

बॅच प्रोसेस असेल तर एकदाच भरलेली बाटली काहीच सांगत नाही, दुपारी रिॲक्टर धुतला की आउटलेट वेगळाच असतो. 24 तास दर तासाला थोडं थोडं घेऊन, फ्लोच्या प्रमाणात मिसळून कॉम्पोझिट करा. तेल आणि पीएच मात्र ग्रॅबच, म्हणजे एकाच वेळी घेतलेलं सॅम्पल.

खाडीकडे जाणाऱ्या नाल्याचं पाणी बघायचं असेल तर घड्याळाआधी भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघा. ऐरोली-वाशीकडे भरतीत खाडीचं पाणी नाल्यात उलटं चढतं, मग तुमच्या आउटलेटच्या वरचं आणि खालचं सॅम्पल यात फरक तरी काय राहणार. ओहोटीला घ्या, वेळ लिहा, पुढच्या वेळी तशाच ओहोटीला या. आणि पाणी खारं आहे हे लॅबला आधीच सांगा, क्लोराइडमुळे सीओडी फुगतो.

रिपोर्ट आला की फाईल करण्याआधी दोन मिनिटं बघा. बीओडी सीओडीपेक्षा जास्त किंवा हेक्झाव्हॅलंट क्रोमियम टोटल क्रोमियमपेक्षा जास्त, असं होऊच शकत नाही. तीन-चार महिने अगदी तेच आकडे येत असतील तर माझ्या मते लॅब बदला. रोजचं रजिस्टर तुमचं स्वतःचं ठेवा: इनलेट-आउटलेट मीटर रीडिंग, पीएच, डोसिंग (किती केमिकल टाकलं), स्लज (गाळ) किती निघाला. लिमिटमध्ये बसवायला साधं पाणी मिसळण्याच्या भानगडीत पडू नका, मीटर रीडिंगवरून ते लगेच कळतं.

30 सप्टेंबरच्या आत फॉर्म 5 मधलं पर्यावरण विवरणपत्र भरावं लागतं, तेव्हाही हेच रजिस्टर उपयोगी पडतं.

आणि मंडळाचे अधिकारी सॅम्पलला आले की घाबरून साहेबांना फोन लावत बसू नका. 1974 च्या पाणी कायद्यात कलम 21 आहे, तुमच्यासमोर सॅम्पलचे दोन भाग करून, सील करून, दोघांच्या सह्या व्हायला हव्यात. तुम्ही मागणी केलीत तर दुसरा भागही तपासणीला जातो. त्याच वेळी त्याच धारेतून आपली एक बाटली भरून ठेवा, बर्फात.