गजकर्ण: शरीराची लढाई न मोडता उपचार कसा करायचा

गजकर्णाची बुरशी त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरातल्या केराटिन या प्रथिनावर जगते. शरीर तिला दोन तऱ्हांनी हुसकावतं. हा थर सतत झडत राहतो, त्याच्याबरोबर बुरशीही गळते. शिवाय त्वचेतल्या संरक्षक पेशी बुरशीच्या पेशीभिंतीतला बीटा-ग्लुकन हा घटक ओळखतात आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. लाली आणि खाज त्यातूनच येते. चट्टा नीट पाहा: कडा लाल, उंच, खपल्यांची, मधली कातडी बरीचशी साफ. बुरशी कडेवर जोरात असते.

म्हणूनच मेडिकलमधून न विचारता आणलेली, बुरशीच्या औषधात स्टेरॉइड मिसळलेली मिश्र ट्यूब घात करते. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं की ते स्टेरॉइड. ते ही फौजच थंड करतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र बिनविरोध पसरते. कडा पुसट झाल्याने डॉक्टरांनाही रोग ओळखणं जड जातं, आणि जांघेत कायमचे ओरखड्यासारखे पट्टे उमटतात.

साध्या, लहान चट्ट्याला क्लोट्रिमाझोल १ टक्का हे बुरशीनाशक मलम, दिवसातून २ वेळा. आधी धुऊन पूर्ण कोरडं करा. बाहेरून आत लावत या, कडेपलीकडे २ सेंटिमीटरपर्यंत. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी मलमाची रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी २ आठवडे लावा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: खाज गेली की ट्यूब कपाटात जाते, आणि उरलेली बुरशी पुन्हा डोकं वर काढते.

टॉवेल वेगळा ठेवा. आतले कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात वाळवा. पावसाळ्यात गरम इस्त्री फिरवा. घरात आणखी कुणाला असेल तर उपचार एकदमच सुरू करा, नाहीतर रोग घरातल्या घरात फिरत राहतो.

डोकं, नखं किंवा चेहरा, मोठा भाग, मधुमेह, गरोदरपण, लहान मूल, किंवा आधी स्टेरॉइड लावलेलं असेल तर थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ४ आठवड्यांत फरक नसला तरीही. तिथे खपली खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये तपासतात. आपल्याकडे सध्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी पसरलेली आहे आणि तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे नेहमीचं बुरशीनाशक औषध चालत नाही, म्हणून शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. तपासणीआधी काही दिवस मलम थांबवायचं का, हे वेळ घेतानाच विचारून घ्या.