पाय घालायची घाई नको

फुटबॉलमध्ये बचावपटूची सगळ्यात वाईट खोड म्हणजे घाई. समोरचा बॉल घेऊन आला की लगेच पाय घालायचा, नाहीतर सरळ घसरायचं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर अशा टॅकलला, म्हणजे बॉल हिसकावण्याला, टाळ्या पडतात, खरं आहे. पण हुकलं की आपला गडी जमिनीवर आणि फॉरवर्ड थेट गोलकीपरसमोर. गोलसमोरच्या बॉक्समध्ये पायाला पाय लागला, तर 11 मीटरवरून पेनल्टी.

त्यापेक्षा दीड-दोन हात अंतर ठेवा. गुडघे वाकलेले, अंग तिरकं, एक पाय पुढे, वजन चवड्यांवर. दोन्ही पाय फाकवून समोर उभे राहिलात तर बॉल मधून गेलाच म्हणून समजा. नजर बॉलवर; खांद्याच्या हुलकावण्यांना भुलू नका. त्याला टचलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेकडे, वळवत न्या. बॉल त्याच्या पायापासून जरा लांब सुटला, की एक पाय बॉलशेजारी घट्ट रोवा आणि दुसऱ्या पायाच्या आतल्या बाजूने बॉल अडवा. घोटा मात्र ताठ हवा, ढिला ठेवाल तर मुरगळेल.

सरावात बचावपटूंच्या दोन्ही हातांत बिब (सरावात जर्सीवर घालायचं रंगीत बनियन) धरायला देऊन एकास एक खेळवा. जर्सी ओढायची सवय कोणाकोणाला आहे, ते पाच मिनिटांत कळतं.